अवजारांची उतरंड : एका मापाच्या पेट्यांची गरज

(बुटीबोरी येथे परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, शिल्पनिदेशक आणि अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय दिसावयास लहान आहे. हत्यारे, अवजारे आणि कामाचे सामान ठेवण्यासाठी एकमेकींवर रचता येतील, एकमेकींशी जुळतील आणि गरजेप्रमाणे वाढविता येतील अशा पेट्या कशा तयार कराव्यात, एवढाच तो आहे. रस्ते, पाणी, वीज, शाळा असे मोठे प्रश्न समोर असताना पेट्यांवर तासभर बोलावे काय, असे कोणासही वाटेल. परंतु ही मोठी कामे ज्या हत्यारांनी होतात, ती हत्यारे वेळेवर हाती येतात की नाही, यावर त्या कामांचे यश पुष्कळ अंशी अवलंबून असते.

भर उन्हाळ्यात गावातील हातपंप बंद पडतो. दुरुस्ती करणारा माणूस येतो, पण आवश्यक तो पाना सापडत नाही. तो भांडारात असतो, नोंदवहीत असतो, पण दिवाबत्तीच्या जुन्या सामानाखाली, गंजलेल्या तारेच्या वेटोळ्यात अडकलेला असतो. तो शोधण्यात दोन तास जातात किंवा नवा पाना विकत घेतला जातो. त्या दोन तासांत गावातील बायाबापड्यांना शेजारच्या वस्तीवरून पाणी आणावे लागते. सार्वजनिक पैशाचे नुकसान हिशेबात दिसते. या खेपांचे ओझे कोणत्याही हिशेबात दिसत नाही. शाळेच्या कार्यशाळेतही हाच प्रकार घडतो. पटाशी कानशीवर पडून तिची धार जाते आणि बोथट पटाशीवर जोर देताना विद्यार्थ्याचा हात कापतो.

बुटीबोरी हे गाव या विषयाला अनुरूप आहे. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर, नागपूर–वर्धा लोहमार्गावर हे गाव वसलेले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. या महामंडळाची येथील वसाहत ही विदर्भातील सर्वांत मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक होय. बुटीबोरीत आता नगरपरिषद आहे. सभोवार मात्र ग्रामपंचायतींचीच गावे आहेत. कारखान्याच्या फाटकाच्या आत प्रत्येक सुट्या भागाची जागा ठरलेली असते. फाटकाबाहेरच्या गावात मात्र सब्बल, टिकाव आणि घमेली एका कोपऱ्यात ढीग घालून पडलेली असतात. हे अंतर कमी करण्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एका मापाचा निर्णय आणि तो पाळण्याची चिकाटी लागते.

उतरंड आणि पायली

वस्तू एकमेकींवर रचून ठेवण्याची कल्पना आपणांस नवी नाही. आपल्या जुन्या घरांत मातीच्या मडक्यांची उतरंड असे. तळाशी सर्वांत मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान मडके, त्यावर गाडगे, असे करीत ती छतापर्यंत जाई. डाळ, कडधान्य, मीठ, बी-बियाणे असे सारे तीत राही. खालच्या मडक्याचे तोंड वरच्या मडक्याचा गोल बूड धरून ठेवी आणि तेच त्याचे झाकणही होई. जागा थोडी लागे, उंदीर-किडीपासून संरक्षण मिळे. रचता येणाऱ्या साठवणीचे मुख्य तत्त्व या एका युक्तीत आले आहे : वरच्या भांड्याचा तळ आणि खालच्या भांड्याचे तोंड यांचे नाते पक्के असले पाहिजे.

उतरंडीचा दोषही सर्वांच्या परिचयाचा आहे. तळच्या डेऱ्यातील वस्तू काढावयाची तर वरची सारी मडकी उतरवावी लागतात. शिवाय प्रत्येक मडके हाताने घडविलेले असल्यामुळे एका घरातील गाडगे दुसऱ्या घरातील उतरंडीत बसेलच असे नाही.

दुसरे उदाहरण मापांचे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अडशेरी आणि दोन अडशेरींची एक पायली, हे कोष्टक जुन्या पिढीस तोंडपाठ असे. प्रत्येक माप वरच्या मापाच्या बरोबर निम्मे असल्यामुळे शिल्लक उरत नाही आणि हिशेब चुकत नाही. उतरंडीचे रचणे आणि पायलीचे निम्मे होत जाणे या दोन गोष्टी एकत्र केल्या की, आज आपण ज्या पेट्यांचा विचार करीत आहोत त्या तयार होतात.

आधी माप, मग पेटी

पेट्या विकत घेणे सोपे असते. त्यामुळे बहुधा खरेदीपासूनच सुरुवात होते. एका वर्षी एका आकाराच्या पेट्या येतात, पुढील वर्षी दुसऱ्या आकाराच्या. बाजारात प्लास्टिकचे क्रेट ६०० × ४०० मिलिमीटरचे मिळतात आणि ५४० × ३६० मिलिमीटरचेही मिळतात. दुरून दोन्ही सारखेच दिसतात, पण एक दुसऱ्यावर नीट बसत नाही. म्हणून पहिला निर्णय मापाचा करावयास हवा.

माझी सूचना अशी की, मूळ माप म्हणून ६०० × ४०० मिलिमीटर हेच धरावे. आंतरराष्ट्रीय मानकांत मालाच्या आवेष्टनासाठी हेच मूळ माप स्वीकारलेले आहे. कारखान्यांत माल ज्या लाकडी तळांवर रचतात त्यांना पॅलेट म्हणतात. १२०० × ८०० मिलिमीटरच्या पॅलेटवर या मापाच्या चार पेट्या, तर १२०० × १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर पाच पेट्या एका थरात बसतात आणि रिकामी जागा उरत नाही. म्हणजे गावातील पेटी उद्या कारखान्याच्या गाडीतून न्यावयाची झाली, तरी ती तेथेही जुळेल.

हे माप निम्मे करीत जाता येते. ६०० ची लांबी निम्मी केली की ४०० × ३०० ची पेटी होते. तिची लांबी निम्मी केली की ३०० × २०० ची होते आणि ती पुन्हा निम्मी केली की २०० × १५० ची. एका पूर्ण पेटीच्या जागेत दोन अर्ध्या, चार पाव किंवा आठ अर्धपाव पेट्या राहतात. उंचीचेही तसेच करावे : पूर्ण पेटी २०० मिलिमीटर उंच, पाव पेटी १०० मिलिमीटर उंच. मग दोन पाव पेट्यांची चळत शेजारच्या पूर्ण पेटीच्या काठाशी बरोबर येते.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. पत्र्याच्या नेहमीच्या कपाटाची बाहेरील रुंदी साधारणतः तीन फूट, म्हणजे ९१५ मिलिमीटर असते. कागदावर ३०० मिलिमीटरच्या तीन पेट्या तीत सहज बसतात. प्रत्यक्षात दाराच्या चौकटीची पट्टी दोन्ही बाजूंनी आत आलेली असते आणि तिसरी पेटी तोंडाशीच अडते. म्हणून जागा मोजताना बाहेरचे माप घेऊ नये. वस्तू ज्या तोंडातून आत जावयाची, त्या तोंडाचे माप घ्यावे.

एका तक्त्यातून चार पेट्या

६०० × ४०० या मापाचा आपल्याकडे आणखी एक फायदा आहे. प्लायवुडचा तक्ता आठ फूट लांब व चार फूट रुंद, म्हणजे २४४० × १२२० मिलिमीटरचा मिळतो. बारा मिलिमीटर जाडीचा एक तक्ता घ्यावा आणि लांबीच्या दिशेने त्याचे चार समान भाग करावेत. करवतीच्या प्रत्येक कापात सुमारे तीन मिलिमीटर लाकूड जाते हे धरले, तरी प्रत्येक भाग ६०७ मिलिमीटर रुंद व १२२० मिलिमीटर लांब राहतो. या एका भागातून एक संपूर्ण पेटी निघते.

ती अशी. प्रथम ४०० मिलिमीटरचा तुकडा तळासाठी कापावा. नंतर प्रत्येकी २०० मिलिमीटरचे दोन तुकडे लांब बाजूंसाठी, आणि शेवटी ३७६ मिलिमीटरचा एक तुकडा घ्यावा. या शेवटच्या तुकड्याचे रुंदीत तीन भाग केले की २०० × ३७६ मिलिमीटरच्या तीन फळ्या मिळतात. त्यांपैकी दोन आखूड बाजूंना लागतात, तिसरी उरते. ती फेकून देऊ नये, तिचे काम पुढे येणार आहे. लांब बाजू ६०० वर बेताव्यात, तळ ५७६ × ३७६ चा करून चारही बाजूंच्या आत बसवावा आणि सांध्यांना सरस व स्क्रू दोन्ही लावावेत. तयार पेटी रिकामी असताना साधारण पाच किलो भरते आणि तीत सुमारे चाळीस लिटर सामान मावते. एका तक्त्यात अशा चार पेट्या होतात.

आता उतरंडीचे तत्त्व येथे आणावयाचे. पेटीच्या तळाला खालून चार लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकावी. तिचे बाहेरील माप ५७० × ३७० मिलिमीटर ठेवले की ती खालच्या पेटीच्या ५७६ × ३७६ च्या तोंडात प्रत्येक बाजूस तीन मिलिमीटर मोकळीक ठेवून उतरते. वरची पेटी सरकत नाही, पण उचलताना अडतही नाही. मोकळीक याहून कमी ठेवण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पेट्या एकमेकींत घट्ट बसतात.

पूर्ण पेटीवर दोन अर्ध्या पेट्या शेजारी-शेजारी ठेवावयाच्या झाल्यास एक अडचण येते. त्यांच्या बाहेरील कडांना खालच्या पेटीचा काठ आधार देतो. मध्ये जेथे त्या एकमेकींना भिडतात, तेथे मात्र आधार नसतो. मघाशी उरलेली तिसरी फळी येथे उपयोगी पडते. ती काठाच्या उंचीला जुळेल इतपत तासून पेटीच्या बरोबर मध्यावर पडदी म्हणून उभी बसवावी. ती पेटीचे दोन कप्पे करते आणि वरच्या दोन्ही अर्ध्या पेट्यांना मधला आधारही देते. अर्ध्या पेटीखालच्या पट्ट्यांचे माप ठरविताना, ती ज्या ज्या तोंडांवर बसावयाची असेल, त्यांतील सर्वांत अरुंद तोंड धरावे.

रचलेल्या पेट्यांचा भार भिंतींवरून खाली गेला पाहिजे, झाकणावर पडता कामा नये. जगातील मालवाहतूक ज्यांनी बदलून टाकली, त्या पोलादी कंटेनरांत हेच तत्त्व आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूकदाराच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ कंटेनर नेले. पुढे या कंटेनरांची मापे जगभर एक झाली. एकावर एक अनेक कंटेनर चढविले तरी त्यांचा भार छतावर नसतो. चार कोपऱ्यांतील खांबांवर असतो. आपल्या पेटीला झाकण करावयाचे असल्यास तेही काठाच्या आत, पट्टीच्या जाडीइतके खाली बसवावे. त्या पेटीची पडदी तेवढी आखूड करावी आणि तिच्यावर अर्धी पेटी ठेवू नये.

आकार सारखा, वजन निराळे

एकसारख्या पेट्या दिसल्या की त्या सर्व सारख्याच भराव्यात असे वाटते. यात मोठा धोका आहे. लोखंडाचे वजन दर लिटरला सुमारे ७.८५ किलो असते. नटबोल्ट पेटीत ओतले तर त्यांच्यामध्ये निम्मी पोकळी राहते असे धरू; तरीही लिटरला जवळजवळ चार किलो होतात. म्हणजे चाळीस लिटरची पूर्ण पेटी नटबोल्टांनी भरली तर ती १६० किलोंची होईल. ती कोणी उचलू शकणार नाही आणि तिचा तळही टिकणार नाही. कोरडी वाळू भरली तरी साठ किलोंच्या वर जाते. हातमोजे, दोऱ्या किंवा कापडी चिंध्या भरल्या, तर मात्र तीच पेटी एका हाताने उचलता येते.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने उचलावयाचे वजन २३ किलो धरले आहे. आपल्या भांडारांत जागा अरुंद, प्रकाश कमी आणि उचलणारी कधी अंगणवाडीची ताई तर कधी विद्यार्थी, हे ध्यानात घेता भरलेल्या पेटीची मर्यादा वीस किलो ठेवावी. शाळेत ती याहूनही कमी असावी. या हिशेबाने नटबोल्ट, खिळे आणि वायसर यांची जागा पाव पेटीत. ३०० × २०० × १०० मिलिमीटरच्या पेटीत आतून सव्वाचार लिटर जागा मिळते. ती भरली तरी सतरा किलोंच्या आसपास राहते. थोडक्यात, वस्तू जितकी जड तितकी पेटी लहान. प्रत्येक पेटीवर तिच्या नावाबरोबर भरलेले वजनही रंगवावे.

पेटी साठवणीबरोबर मापाचेही काम करू शकते. बांधकामावर वाळू व खडी मोजण्यासाठी जो फरमा वापरतात, तो ४० × ३५ × २५ सेंटीमीटरचा, म्हणजे ३५ लिटरचा असतो. पन्नास किलो सिमेंटच्या एका गोणीचे आकारमान साधारण तितकेच भरते. म्हणून एक गोणी सिमेंटला किती फरमे वाळू आणि किती फरमे खडी, हे सांगणे सोपे जाते. फरम्याऐवजी घमेल्याने माप घेतले की प्रमाण बिघडते आणि गावातील नाली दोन पावसाळ्यांत फुटते. भांडारात फरम्याची जागा ठरलेली असावी आणि काम सुरू होताना तो प्रथम बाहेर निघावा, याकडे ग्रामपंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे.

तळची वस्तू

आता उतरंडीच्या दोषाकडे वळू. पाच पेट्या एकावर एक असतील आणि नेमकी तळची हवी असेल, तर चार पेट्या उतरवाव्या लागतात. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा माणूस हत्यार पेटीबाहेरच ठेवतो आणि सारी व्यवस्था मोडते. यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय नियमाचा. वर्षातून एकदोनदा लागणारे सामान तळाशी, महिन्यातून लागणारे मध्ये आणि रोज लागणारे कमरेच्या उंचीवर ठेवावे. जड पेटी नेहमी खाली असावी. चळतीची उंची पेटीच्या आखूड बाजूच्या तिपटीहून अधिक नसावी. ४०० मिलिमीटरच्या बाजूला १२०० मिलिमीटर, म्हणजे सहा पेट्या, ही शेवटची मर्यादा समजावी.

दुसरा उपाय मांडणीचा. लोखंडी अँगलची उभी चौकट करून तिला दोन्ही बाजूंनी आडवे अँगल लावावेत. चौकटीची आतील रुंदी ४१० मिलिमीटर आणि दोन आडव्या अँगलांमधील अंतर २४० मिलिमीटर ठेवले तर तीच पेटी खणासारखी पुढे ओढता येते. कामावर जाताना ती मांडणीतून काढून इतर पेट्यांवर रचून गाडीत ठेवता येते आणि परत आल्यावर पुन्हा खणात सरकविता येते. चौकटीचे पाय जमिनीपासून १५० मिलिमीटर उंच असावेत.

लांब वस्तूंचा आग्रह पेटीत धरू नये. हातपंपाचे तीन मीटर लांबीचे नळ, सब्बल, शिडी, लांब फळ्या यांच्यासाठी भिंतीला आडवे आधार हवेत. सर्वच वस्तू एका मापात कोंबण्याचा हट्ट धरला, तर तीच अव्यवस्था नव्या रूपाने परत येते.

ज्या हत्याराला धार आहे, त्याला पेटीत स्वतःची खोबण हवी. पेटीच्या तळाशी पातळ फळी घालून तीत पटाशी, कानस आणि पाना यांच्या आकाराच्या खाचा कोराव्यात, किंवा निदान त्यांची रेखाकृती रंगवावी. सायंकाळी पेटी बंद करताना रिकामी खाच दिसली की एक हत्यार बाहेर राहिले आहे हे निरक्षर माणसासही कळते. जपानी कारखान्यांतून जगभर पसरलेल्या शिस्तीत निवड, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण आणि सवय अशा पाच पायऱ्या सांगतात. येथील अनेक कामगारांना ती परिचित आहे. तिचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे : निवड आधी येते, मांडणी नंतर. निरुपयोगी सामान सुंदर पेट्यांत भरून ठेवणे ही सुधारणा नव्हे.

येथून जवळच असलेल्या वर्ध्याचे स्मरण या संदर्भात होणे साहजिक आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम तेथील मगनवाडीत चालले आणि १९३८ साली तेथेच मगन संग्रहालय सुरू झाले. गांधीजी येरवडा कारागृहात असताना चरख्याचा जो सुटसुटीत प्रकार पुढे आला, त्यास ‘येरवडा चक्र’ असे नाव पडले. पेटी उघडली की चरखा, मिटली की हातात धरून नेण्याजोगे सामान. प्रत्येक भागाची जागा आत ठरलेली असल्यामुळे एखादा भाग राहून गेला तर तो लगेच ध्यानात येतो. साधन आणि त्याची साठवण यांचा विचार एकाच वेळी केला म्हणजे काय साधते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आपले हवामान

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जूननंतर हवेत दमटपणा भरतो. प्लास्टिकचे क्रेट उन्हात पडून राहिले की ठिसूळ होतात व त्यांचे कोपरे प्रथम तडकतात; ते सावलीतच ठेवावेत. प्लायवुडची पेटी वाळवीच्या दृष्टीने भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वर असावी. कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश न लावल्यास पाणी तेथूनच शिरते. पत्र्याच्या पेटीस वाळवीचे भय नाही, पण रात्री तिच्या आतील बाजूस दव धरते. तीत ठेवलेल्या हत्यारांना तेलाचा हात फिरविलेला असावा आणि पेटीला वायुवीजनाची दोन भोके असावीत. कोणताही एक पदार्थ सर्व ठिकाणी योग्य ठरत नाही. माप एकच राखून पदार्थ बदलता येतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

पेटी आणि नोंदवही

आता कार्यालयीन बाजू पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता, २०११ नुसार उपभोग्य वस्तूंचा साठा नमुना १५ मध्ये आणि जडवस्तू व जंगम मालमत्ता नमुना १६ मध्ये नोंदविली जाते. ब्लीचिंग पावडर, खिळे, बल्ब हे संपणारे सामान. पाने, पंपाची हत्यारे, सब्बल हे टिकणारे. नोंदवहीत हा भेद असतो, भांडारात मात्र दोन्ही एकत्र असतात. त्यामुळे वार्षिक पडताळणीला दोन दिवस लागतात आणि शेवटी अंदाजानेच खूण केली जाते.

हा भेद पेट्यांतच करावा. नमुना १५ मधील सामानाच्या पेट्यांना एक रंग, नमुना १६ मधील वस्तूंच्या पेट्यांना दुसरा. पेटीवर तिचा क्रमांक आणि नोंदवहीतील पृष्ठाचा क्रमांक दोन्ही रंगवावेत. झाकणाच्या आतील बाजूस वस्तूंची यादी चिकटवावी आणि वस्तू बाहेर नेणाऱ्याने तेथेच तारीख व सही करावी. मग ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली तरी नव्या अधिकाऱ्यास पदभार घेताना पेटीपुढे पेटी मोजता येईल.

खूण कशी असावी, हे मुंबईच्या डबेवाल्यांकडून शिकावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या त्यांच्या व्यवसायात डब्यावर मोजकी अक्षरे, आकडे आणि रंग एवढेच असतात. डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत जावयाचा, हे त्यावरून कळते. लांबलचक नावापेक्षा सर्वांनी मान्य केलेली लहान खूण अधिक विश्वासाची ठरते.

हातपंपाचा धडा

एक माप ठरविल्याने काय घडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण हातपंपाचे आहे. पूर्वी खेड्यांतील विंधन विहिरींवर निरनिराळ्या बनावटीचे ओतीव लोखंडाचे पंप होते. ते वारंवार मोडत आणि एकाचा भाग दुसऱ्याला लागत नसे. जालना येथे मिशनच्या कार्यकर्त्यांनी अधिक टिकाऊ पंप बनविला आणि त्या प्रयत्नांतून पुढे सोलापूर पंप तयार झाला. याच सोलापूर पंपाचा आधार घेऊन युनिसेफ, शासकीय यंत्रणा आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध केला. १९७९ साली त्यासाठी भारतीय मानक ९३०१ प्रसिद्ध झाले. त्यानंतर कोणत्याही कारखान्यात तयार झालेला सुटा भाग कोणत्याही गावच्या पंपाला बसू लागला आणि एकच हत्यारांचा संच घेऊन दुरुस्ती पथक गावोगाव जाऊ लागले.

पंपाच्या दांड्याचे किंवा साखळीचे माप ठरविणे हेही दिसावयास लहानच काम होते. त्याचा लाभ मात्र देशातील लक्षावधी पंपांना झाला. पंपाचे भाग एका मापाचे झाले, पण ते ठेवण्याची पेटी अजून गावोगाव निराळी आहे, किंवा नाहीच. हे अपुरे राहिलेले काम आपण हाती घ्यावयाचे आहे.

आपण काय करावे

माझ्या सूचना तीन आहेत.

पहिली ग्रामपंचायत सदस्यांसाठी. मासिक सभेत एक साधा ठराव करावा : यापुढे साठवणीची कोणतीही पेटी, कपाट किंवा मांडणी खरेदी करताना ६०० × ४०० मिलिमीटर हे मूळ माप मागणीपत्रात लिहिले जाईल. यास अधिक खर्च येत नाही. शेजारच्या पाच-सहा गावांनी असाच ठराव केला, तर एका गावची पंपदुरुस्तीची पेटी दुसऱ्या गावच्या मांडणीत बसेल आणि महागडी हत्यारे आळीपाळीने वापरता येतील.

दुसरी शिक्षकांसाठी. पेटी तयार करणे हा कार्यानुभवाचा उत्तम पाठ आहे. तक्त्याची आखणी हे भूमिती, कापातील घट हे अपूर्णांक, भरलेल्या पेटीचे वजन हे घनता आणि चळतीचा तोल हे विज्ञान. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला खरोखर लागणाऱ्या वस्तू आणि सेवा विद्यार्थ्यांच्या हातून घडाव्यात व त्यातूनच शिक्षण व्हावे, हा त्यामागील विचार होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचविलेली आहे. त्यांतील दोन-तीन दिवस या कामास देता येतील. तक्ता कापण्याचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांच्या देखरेखीखाली यंत्रावर व्हावे. आखणी, जोडणी, रंग आणि खुणा मुलामुलींनी कराव्यात. तयार पेटी ग्रामपंचायतीने सामानाची किंमत देऊन घ्यावी, म्हणजे मुलांचे काम गावाच्या नित्य उपयोगात राहील.

तिसरी अधिकारी मित्रांसाठी. तपासणीच्या वेळी नोंदवही पाहण्यापूर्वी एक प्रयोग करावा. नमुना १६ मधील कोणत्याही एका हत्याराचे नाव घ्यावे आणि ते किती वेळात समोर येते ते घड्याळात पाहावे. दोन मिनिटांत आले तर भांडार चांगले. अर्ध्या तासात आले तर त्या गावात हातपंपाची दुरुस्तीही तितकीच रखडत असणार, असे समजावयास हरकत नाही.

सुरुवातीस फार मोठी योजना आखू नये. प्लायवुडचा एक तक्ता, चार पेट्या आणि त्यांत प्रथम पंपाची हत्यारे, विजेचे सामान, गवंडीकामाची साधने आणि प्रथमोपचाराचे साहित्य एवढेच ठेवावे. एक पावसाळा जाऊ द्यावा. पट्टी कोठे अडते, मूठ कोठे टोचते, कोणती पेटी नेहमी चुकीच्या जागी परत येते, हे पाहून पुढच्या चार पेट्या कराव्यात. माप तेवढे बदलू नये. पावसाळ्यानंतर आपले अनुभव परस्परांना कळवावेत. एका गावात सापडलेली सुधारणा त्यामुळे इतरांच्या पेट्यांतही लगेच करता येईल.